पॉलिशच्या आधी गाडीच्या रंगात रुतलेला मळ कसा काढायचा

गाडी शॅम्पूने धुतली, पुसून कोरडी केली, आता लखलखीत दिसतेय. बॉनेटवर तळवा ठेवा आणि हलकेच पुढे सरकवा. काचेसारखं गुळगुळीत लागायला हवं, पण बहुतेक गाड्यांवर तसं लागत नाही. हाताखाली बारीक खरखर जाणवते, वापरून जुन्या झालेल्या पॉलिश पेपरवरून हात फिरवल्यासारखी. ही धूळ नव्हे. धूळ असती तर धुण्यातच गेली असती. हा रंगाला चिकटलेला, काही ठिकाणी चक्क रंगात रुतलेला मळ आहे, आणि पॉलिशचं मशीन हातात घेण्याआधी तो निघालाच पाहिजे.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण पहिल्या वेळी मी हेच काम टाळलं होतं. गाडी स्वच्छ दिसत होती, मशीन नवं होतं, हात शिवशिवत होते. दोन दरवाजे पॉलिश करून झाल्यावर पॅड उलटा करून पाहिला, तर पांढऱ्या फोमवर तपकिरी ठिपके. दरवाज्यावर टॉर्च मारला, तर आधी नव्हत्या अशा बारीक अर्धगोल रेघा. रंगात बसलेले लोखंडाचे कण पॅडने उपटले होते आणि मिनिटाला हजारो झटक्यांच्या वेगाने रंगावरच घासले होते. ते दोन दरवाजे पहिल्यापासून पुन्हा करावे लागले. त्यात वरचा जो थर गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो: जे विरघळू शकतं ते आधी विरघळवायचं, आणि जे विरघळत नाही तेवढंच शेवटी घासायचं. बरेच जण क्ले बारचं, म्हणजे रंगावर फिरवून मळ उपटणाऱ्या मऊ गोळ्याचं, नाव ऐकतात आणि थेट क्लेपासून सुरुवात करतात. क्ले उत्तम साधन आहे, पण ते घासणारं साधन आहे. त्याच्या वाट्याला जितकं कमी काम येईल तितका रंग सुरक्षित.

रंगावर नेमकं काय बसलेलं असतं

आजकालच्या गाड्यांवर पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपण धुतो, घासतो, पॉलिश करतो तो हा क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. पॉलिश म्हणजे या थरातला अगदी बारीक हिस्सा खरवडून पृष्ठभाग सपाट करणं. आपल्याकडे खर्चायला किती थोडं आहे हे लक्षात आलं की पुढच्या सगळ्या सावधगिरीचं कारण कळतं.

या थरावर बसणाऱ्या मळाच्या जाती वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

लोखंडाचे कण सगळ्यात चिवट. ब्रेक लागतो तेव्हा ब्रेकचा पॅड चाकाच्या डिस्कवर घासतो, त्यातून लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात आणि रंगावर जाऊन बसतात. तुमच्याच गाडीचे उडतात आणि पुढच्या गाडीचेही. रेल्वेरुळांजवळ किंवा जिथे ग्राइंडरचं काम चालतं तिथे गाडी उभी राहत असेल, तर हे प्रमाण आणखी वाढतं. ओलावा मिळाला की कण गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात आणि पत्रा गंजला की काय या काळजीने माणूस हवालदिल होतो. गंज बहुतेक वेळा पत्र्याचा नसतो, वर बसलेल्या कणांचा असतो.

डांबराचे काळे थेंब चाकांच्या मागे, दरवाज्यांच्या खालच्या भागात आणि मागच्या बंपरवर सापडतात. झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीवर चिकाचे थेंब पडतात आणि वाळून घट्ट होतात. पाण्यातले क्षार वाळून पांढरी वर्तुळं राहतात. जवळपास कुठे फवाऱ्याने रंगकाम झालं असेल तर त्याचा तुषार पूर्ण गाडीवर बसलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही पण हाताला लगेच कळतो.

पक्ष्यांची विष्ठा आणि चिरडलेले किडे यांचा प्रकार थोडा वेगळा. त्यांचा थर धुऊन निघतो, पण ते फार दिवस राहिले तर खाली क्लिअर कोट खाल्ला जातो आणि खळगा पडतो. खळगा म्हणजे मळ नव्हे. तो या लेखातल्या कुठल्याच उपायाने जाणार नाही. तिथे पॉलिशच लागेल, आणि खोल असेल तर पॉलिशही पुरणार नाही.

आधी हे तपासा: तुमच्या गाडीला हे चालेल का

मॅट रंगाची गाडी असेल तर क्लेही नको आणि पॉलिशही नको. घासलेल्या जागी चमक येते, ती पुन्हा मॅट करता येत नाही. गाडीवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर दिलेला टिकाऊ संरक्षक थर, असेल तर क्लेने ते खराब होऊ शकतं. ते काढून टाकायचं ठरलं असेल तरच पुढे जा. विनाइल रॅप किंवा पारदर्शक फिल्म असेल तर तिच्या सूचना आधी वाचा, आणि तिच्या कडांपाशी क्ले कधीच फिरवू नका.

एखादा भाग नुकताच रंगवून आणला असेल तर ज्यांनी रंगवला त्यांना विचारा की तो पूर्ण सुकायला किती दिवस द्यायचे. कच्च्या रंगावर द्रावक किंवा क्ले दोन्ही धोक्याचे. रंगाला पोपडे सुटलेले असतील, क्लिअर कोट सोलवटला असेल, तर त्या भागाला हात लावू नका.

लागणारं साहित्य

- दोन बादल्या. जमल्यास तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही
- गाडीचा शॅम्पू, वॅक्स नसलेला
- धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा. चाकांसाठी वेगळा ब्रश आणि वेगळं फडकं
- टार रिमूव्हर (डांबर काढायला)
- आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण काढायला)
- फाइन ग्रेडचा क्ले बार
- क्लेसाठीचं ल्युब्रिकंट, म्हणजे क्ले घसरावा म्हणून फवारायचं द्रव
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साधं व्हिनेगर
- डझनभर तरी स्वच्छ मायक्रोफायबर फडकी
- नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा
- पातळ प्लॅस्टिकची पिशवी
- चांगला एलईडी टॉर्च

फडक्यांच्या बाबतीत काटकसर करू नका. एकच फडकं डांबर पुसायला आणि मग बॉनेट पुसायला वापरलं, तर आधीची सगळी मेहनत मातीत जाते.

१. सावली, थंड पत्रा आणि हाताशी वेळ

उन्हात हे काम करायचंच नाही. तापलेल्या पत्र्यावर रसायन दोन मिनिटांत वाळतं आणि जिथे वाळतं तिथे डाग सोडतं. पत्र्यावर हात ठेवून बघा, कोमट लागला तरी थांबा. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर बॉनेट निवायला वेळ लागतो, म्हणून बॉनेट शेवटी घ्या. जागा हवेशीर असावी, कारण टार रिमूव्हर आणि आयर्न रिमूव्हर दोन्हींचा वास बंद जागेत सहन होत नाही.

पहिल्यांदा करताना मध्यम आकाराच्या गाडीला अर्धा दिवस धरा. घाई झाली की माणूस नेमका क्लेवर जोर लावतो.

२. नीट धुणं

आधी चाकं, कारण सगळ्यात जास्त घाण तिथे असते आणि ती उडून धुतलेल्या रंगावर बसते. मग वरून भरपूर पाणी मारून सुटी माती वाहून जाऊ द्या. त्यानंतर दोन बादल्यांची पद्धत: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची, मग परत शॅम्पूत. छपरापासून खाली यायचं. खालचे भाग सगळ्यात शेवटी.

गाडी आत्ता पूर्ण कोरडी करू नका, पाणी निथळू द्या. फक्त जिथे डांबराचे ठिपके आहेत ते भाग पुसून घ्या.

३. पिशवीची चाचणी

पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घाला आणि ओलसर रंगावरून बोटांची टोकं हलकेच फिरवा. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून दुप्पट जाणवतं, कारण पिशवी घसरते आणि बोटांना फक्त उंचवटे कळतात. छप्पर, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा आणि खालचा भाग असं सगळीकडे फिरवा आणि कुठे खरखर जास्त आहे हे लक्षात ठेवा. जमलं तर कागदावर गाडीची आकृती काढून खुणा करा. पुढे प्रत्येक टप्प्यानंतर याच जागा पुन्हा तपासायच्या आहेत.

सगळीकडे गुळगुळीत लागलं तर क्लेची गरजच नाही. केवळ साहित्य आणलंय म्हणून वापरू नका.

४. डांबर

टार रिमूव्हर म्हणजे द्रावक. डांबर विरघळवणं एवढंच त्याचं काम. लोखंडाच्या आधी डांबर काढायचं कारण साधं आहे: डांबराच्या थेंबाखाली लोखंडाचे कण दडलेले असतील तर आयर्न रिमूव्हर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

कोरड्या केलेल्या भागावर टार रिमूव्हर फवारा, किंवा फडक्यावर घेऊन ठिपक्यावर टेकवून ठेवा. एक-दोन मिनिटांत ठिपक्यातून तपकिरी ओघळ सुटतो. मग फडक्याने टिपून घ्या. घासायचं नाही, कारण डांबरात खडीचा बारीक चुरा असतो आणि घासलं की तो रंगावर फरफटतो. फडक्याची स्वच्छ घडी प्रत्येक वेळी वर घ्या. पहिल्या वेळी निघालं नाही तर पुन्हा फवारा, पुन्हा थांबा.

काळं, न रंगवलेलं प्लॅस्टिक आणि रबराच्या पट्ट्या यांवर हे द्रावक फार वेळ राहू देऊ नका. टार रिमूव्हर हाताशी नाही म्हणून पेट्रोल किंवा थिनर वापरायचा मोह होतो. पेट्रोलने आग लागू शकते, आणि थिनरने पुन्हा रंगवलेला भाग मऊ पडून उचलला जाऊ शकतो. दोन्ही नकोत.

झाल्यावर तेवढे भाग शॅम्पूने धुऊन द्रावकाचा तेलकट थर काढून टाका.

५. लोखंड

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे जितकं जास्त निघेल तितकं क्लेचं काम घटतं.

बहुतेक आयर्न रिमूव्हरमध्ये अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाच्या गंजाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारं जांभळं संयुग तयार करतं. म्हणून बाटलीतून बिनरंगी फवारलेलं द्रव गाडीवर जांभळं होतं. याच जातीचं रसायन केस कुरळे करायच्या लोशनमध्ये आणि केस काढायच्या क्रीममध्येही असतं, त्यामुळे वासही तसाच, सडक्या अंड्याची आठवण करून देणारा. हातमोजे घाला, फवारा तोंडाजवळ नको.

पत्रा थंड आणि ओलसर असावा, पण पाणी निथळलेलं असावं, नाहीतर रसायन पातळ होतं. एका वेळी गाडीची एक बाजू घ्या. खालून वर फवारा, म्हणजे जिथे लोखंड जास्त असतं त्या खालच्या भागांना जास्त वेळ मिळतो. मग थांबा. तीन ते पाच मिनिटं पुरतात, पण बाटलीवर जे लिहिलंय तेच खरं.

एकदा डिकीच्या दारावर टॉर्च धरून मी एकाच ठिपक्याकडे बघत बसलो होतो. मोहरीच्या दाण्याच्या निम्म्याहून लहान, नारिंगी-तपकिरी. फवारल्यावर अर्धा मिनिट काहीच नाही. मग त्याच्याभोवती फिकट जांभळं वलय उमटलं, गडद होत गेलं, आणि त्यातून शाईच्या थेंबासारखा एक ओघळ सुटून खाली आला. चार मिनिटांनी पाणी मारलं. ठिपका नव्हता. नख फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. हाच कण क्लेने काढायला गेलो असतो तर वरचं टोक तुटून बूड आत राहिलं असतं, किंवा पूर्ण कण सुटून क्लेबरोबर रंगावर फिरला असता.

काळ्या किंवा गडद गाडीवर जांभळा रंग दिसत नाही. तिथे खाली जमिनीवर ठिबकणारं पाणी बघा, किंवा पांढरं फडकं टेकवून बघा.

काही गोष्टी सांभाळायच्या:

रसायन वाळू द्यायचं नाही. वाळायला लागलं असं दिसलं तर पुन्हा थोडं फवारा किंवा लगेच पाणी मारा. पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं ठेवल्याने काम चौपट होत नाही, डाग मात्र पडतात.

धुताना खाचा विसरू नका. आरशांच्या मागे, नंबरप्लेटच्या खाली, दारांच्या हँडलमागे, दिव्यांच्या कडांना रसायन अडकतं आणि नंतर हळूहळू ओघळतं. तिथे जोरात पाणी मारा.

आयर्न रिमूव्हर दुसऱ्या कुठल्याही रसायनात मिसळायचं नाही, विशेषतः आम्लात आणि ब्लीचमध्ये. एक पूर्ण धुऊन टाकल्यावरच दुसरं.

खालच्या भागांवर आणि मागच्या दारावर दुसरी फेरी करा. पहिल्या फेरीत वरचा गंज जातो, दुसऱ्या फेरीत त्याच्याखालचा. दुसऱ्या वेळी जांभळेपणा अगदी फिका आला तर थांबायला हरकत नाही.

आता पुन्हा पिशवीची चाचणी. बऱ्याच गाड्यांवर इथेच खरखर निम्म्याने कमी झालेली असते.

६. क्षारांचे डाग आणि चीक

पाण्याच्या पांढऱ्या वर्तुळांसाठी व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, फडकं भिजवून डागावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. क्षार असेल तर विरघळतो. वर्तुळाची कडा तरीही दिसत राहिली तर पाण्याने रंग खाल्लेला आहे, ते पॉलिशवर सोडा. स्वच्छतागृहासाठीचं आम्ल वगैरे कधीही वापरू नका.

चिकाच्या थेंबावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा मिनिट टेकवा, मऊ झाला की टिपून घ्या. फार जुना असेल तर हेच दोन-तीनदा करा. नखाने किंवा ब्लेडने उचकटू नका.

७. क्ले

क्ले हातात घेतला की लहान मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा वाटतो, आणि त्यामुळेच फसगत होते. हा राळेसारख्या मऊ पदार्थात अतिशय बारीक घासणारी पूड मिसळून केलेला गोळा आहे. जपानच्या तादाओ कोदाते यांना १९९५ साली त्याचं अमेरिकेतलं पेटंट मिळालं, आणि त्या पेटंटच्या शीर्षकातच त्याला आकार घेणारा, लवचीक असा घासायचा दगड म्हटलेलं आहे. हे नाव डोक्यात ठेवा. तुम्ही रंगावर मऊ दगड फिरवताय, आणि मध्ये फक्त ल्युब्रिकंटचा पातळ थर आहे.

काम कसं होतं? क्ले त्या थरावर तरंगत सरकतो. सपाट रंगाला तो धरत नाही, पण वर आलेल्या कणाला धरतो आणि उपटून स्वतःत सामावून घेतो. थर पातळ झाला किंवा तुम्ही दाब दिला, तर तो रंगालाही धरतो.

ग्रेड फाइनच घ्या. मीडियम आणि हेवी ग्रेड लवकर काम करतात, पण मागे जे ओरखडे सोडतात ते काढायला पॉलिशमध्ये जास्त क्लिअर कोट जातो. रंगाचा तुषार पूर्ण गाडीवर बसलेला असेल तरच मीडियमचा विचार करा, तोही आधी एका कोपऱ्यात करून बघितल्यावर.

क्लेचे दोन-तीन तुकडे करा. सगळा गोळा एकदम वापरात काढू नका. एक तुकडा कोमट पाण्यात मिनिटभर ठेवून मळा आणि तीन-चार बोटांखाली मावेल अशी चपटी चकती करा. कडक क्ले कधी वापरू नका.

ल्युब्रिकंट म्हणून क्लेसाठीचंच द्रव घ्या, किंवा गाडीचा शॅम्पू पाण्यात घालून. नुसतं पाणी पुरत नाही. भांड्यांच्या साबणाला हवी तशी घसरण नसते, आणि अल्कोहोल असलेल्या द्रवाने क्ले विरघळून रंगावर चिकटतो.

आता छपरापासून सुरुवात. साधारण ५० सेंटिमीटरचा चौकोन धरा. चौकोनावरही फवारा आणि क्लेवरही. बोटांची टोकं न टेकवता सपाट बोटांनी क्ले धरा आणि सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा, मग आडवा. दाब फक्त हाताच्या वजनाइतका. गोल फिरवू नका. त्याचं कारण पुढे उपयोगी पडतं: क्लेच्या रेघा सरळ असल्या की नंतर टॉर्चखाली त्या लगेच ओळखू येतात आणि जुन्या गोल रेघांशी त्यांची गल्लत होत नाही.

पहिले दोन-चार हात क्ले अडखळतो, बारीक सरसर आवाज येतो. हळूहळू आवाज विरतो आणि क्ले तेलावरून सरकल्यासारखा सरकतो. तो क्षण हाताला कळतो, सांगावा लागत नाही. तिथेच थांबा. गुळगुळीत झालेल्या जागी आणखी दहा हात मारण्यात फायदा शून्य आणि ओरखडे नक्की. क्ले मध्येच खेचला जातोय असं वाटलं तर तिथल्या तिथे हात थांबवा आणि भरपूर फवारा.

प्रत्येक चौकोनानंतर क्ले उलटा करून बघा. तपकिरी-करडा पट्टा दिसेल. घडी घालून तो आत दाबा, स्वच्छ बाजू वर आणा. सगळीकडून मळकट दिसू लागला, घडी घालूनही स्वच्छ बाजू मिळेना, की तो तुकडा बाद. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगाच्या गाडीवर क्लेला गाडीचाच रंग लागतो. घाबरू नका, त्या रंगाचा वरचा सुकलेला थर निघतो तो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. क्ले जमिनीवर पडला की टाकून द्यायचा. धुऊन घेऊ, वरचा भाग काढून घेऊ, चालेल, असं मनात येतं. माझ्याही आलं होतं. नवा तुकडा हातून निसटून पडला, मी तो नीट धुतला, वरवर बघितला आणि बॉनेटवर फिरवला. आत रुतलेला वाळूचा एक कण मला दिसला नव्हता. बॉनेटवर तळहाताएवढी सरळ रेघ उमटली, नखाला लागेल इतकी खोल. ती आजही थोडी दिसते. तुकडे करून वापरायला सांगतो ते याचसाठी: एक पडला तरी बाकीचे शाबूत राहतात.

क्लेऐवजी क्लेचा हातमोजा किंवा टॉवेल मिळतो, त्याच्या एका बाजूला रबरासारखा थर असतो. काम बरंच झटपट होतं, आणि पडला तर खळबळून वापरता येतो. पण मोजा मोठा, त्यामुळे नकळत दाब जास्त पडतो आणि छोट्या खाचांत तो नीट जात नाही. नवीन असताना थर कडक असतो, म्हणून आधी काचेवर फिरवून मऊ करून घ्या. पॉलिश नक्की करणार असाल तर हातमोजा चालेल. पहिल्यांदा शिकत असाल तर मी बारच सुचवेन, कारण खालची खरखर बोटांना जशी कळते तशी मोज्यातून कळत नाही.

खालचे भाग आणि बंपर शेवटी, वेगळ्या तुकड्याने. तो तुकडा नंतर फक्त काचा आणि चाकांसाठी ठेवा. काचेवरही क्ले छान चालतो, वायपरची कुरकुर पुष्कळदा त्याने थांबते.

८. शेवटचं धुणं आणि तपासणी

ल्युब्रिकंट आणि क्लेचे अंश धुण्यासाठी पुन्हा एकदा शॅम्पू. यावेळी गाडी पूर्ण कोरडी करा, दारांच्या फटी, आरसे, दिव्यांच्या कडा यांतलं पाणी काढा. पॉलिश करताना त्या फटीतून पाण्याचा एक ओघळ आला की पॅडखालचं पॉलिश बिघडतं.

मग पाण्यात १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून एकेक भाग हलक्या हाताने पुसा. आता रंग उघडा आहे, त्यावर जुनं वॅक्स नाही, तेल नाही. टॉर्च तिरपा धरून बघा. क्लेच्या बारीक सरळ रेघा, थोडी धुरकट झाक दिसेल, गडद रंगावर जास्त. ही अपेक्षितच आहे, हलक्या पॉलिशने ती जाते. पण पॉलिश करायचंच नसेल तर मात्र हा मुद्दा आधीच विचारात घ्यायला हवा. अशा वेळी फाइन क्ले, तोही फक्त खरखर असलेल्या जागी, आणि त्याच दिवशी रंगाच्या संरक्षणासाठी वॅक्स किंवा सीलंटचा थर. उघडा रंग तसाच सोडला तर नवा मळ लगेच बसायला लागतो.

पॉलिश दुसऱ्या दिवशी करणार असाल तर गाडी आडोशाला उभी करा, वर कापडी आच्छादन टाकू नका. धूळ आणि कापड मिळून पुन्हा रेघा पाडतात. सकाळी एकदा धुऊनच मशीन हातात घ्या.

हे सगळं वर्षातून एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक धुण्यानंतर क्ले करण्याची गरज नसते. पिशवी सांगेल तेव्हाच.

पॉलिशला सुरुवात करताना प्लॅस्टिक आणि रबराच्या कडांना टेप लावा, बॉनेटच्या कोपऱ्यात लहानसा चौकोन पॉलिश करा आणि लगेच पॅड उलटा करून बघा. पॉलिशचा पांढरट लगदा दिसेल, जुन्या रंगावर थोडी रंगाची छटाही. तपकिरी ठिपका दिसता कामा नये. दिसलाच, तर पॅड बदला, तो भाग धुवा, आयर्न रिमूव्हरची आणखी एक फेरी करा आणि मगच पुढच्या चौकोनाला हात लावा.